अडायचा प्रश्न

माझ्या सर्टिफिकेटावर लाल शाईने एक ओळ लिहिलेली आहे: ‘दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण.’ अकोल्याच्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा हेडमिस्ट्रेस बाईंनी ती ओळ बोटाने दाखवून विचारलं होतं, “पहिल्या प्रयत्नात काय झालं?” मी म्हटलं, “पाठ फार चांगला झाला.” त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. घरात चेष्टा करायला नातवंडं आहेत. सांगायला हरकत नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मी अकोल्याच्या एका वकिलाची मुलगी, वय अठरा, जिभेला हाड नाही अशी घरात ख्याती. मास्तरीण व्हायचं म्हणून मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा वडिलांनी मला अमरावतीच्या ट्रेनिंगच्या शाळेत धाडलं. धाडताना वकिलाच्या रीतीने अट घातली. वर्षभरात सर्टिफिकेट मिळालं तर नोकरी कर. नाही मिळालं तर धामणगाव रेल्वेचं जे स्थळ सांगून आलं आहे त्याला मुकाट्याने हो म्हण. स्थळाची कापसाची अडत होती, दोन मजली घर होतं, आणि त्या गृहस्थाला भरघोस मिशा होत्या. मिशांचं मला काही नव्हतं. पण त्याच्या आईने मला बघायला आल्यावर विचारलं होतं, “हिला वाचायची फार खोड तर नाही ना?” ते मी विसरले नव्हते.

आमच्या ट्रेनिंगच्या शाळेला लागूनच मुलींचं मिडल स्कूल होतं. कौलारू, लांबट, मधे अंगण, अंगणात निंब आणि निंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, तीच घंटा. सहावी आणि सातवीच्या मधे भिंत नव्हती, बांबूचा तट्टा होता. कधीकाळी तो शेणामातीने लिंपलेला असावा, पण मुलींनी कंटाळवाण्या तासांना त्याला बोटाएवढी भोकं पाडून ठेवली होती. सातवीत कविता सुरू झाली की सहावीतल्या बाईने गप्प उभं राहायचं, अशी तिथली वहिवाट. नवा न्हावी घरच्यांच्या डोक्यावर हात बसवतो, तसे आम्ही शिकाऊ बाया या पाचवी-सहावीच्या मुलींवर शिकवण्याचा हात बसवायचो. वर्गात पुढे चौतीस मुली, मागच्या बाकावर आमच्याच आठ मैत्रिणी हातात टीकावह्या घेऊन, आणि कोपऱ्यात खुर्चीवर आम्हाला शिकवण्याची पद्धत शिकवणाऱ्या, त्या पद्धतीच्या बाई. पद्धतीच्या बाई कधी रागवत नसत. त्या फक्त लिहीत. त्यांच्या पेन्सिलीचा आवाज आला की आम्ही पुढचा प्रश्न विसरायचो.

पाठ कसा द्यायचा हे ठरलेलं होतं. आधी प्रस्तावना, म्हणजे मुलींना ठाऊक असलेल्या गोष्टींवर सोपे सोपे प्रश्न. प्रश्न विचारत विचारत अशा जागी यायचं की पुढचं उत्तर त्यांना येणार नाही. मुली अडल्या पाहिजेत. त्या अडल्या की बाईने हसून म्हणायचं, “तर मुलींनो, आज आपण अमुक शिकणार आहोत.” याला म्हणायचं हेतुकथन. ते लगेच फळ्यावर लिहायचं, आणि मग खरा पाठ सुरू. अडल्याशिवाय हेतू नाही आणि हेतूशिवाय पाठ नाही. पद्धतीच्या बाईंनी हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की माझी एक मैत्रीण झोपेतही ‘हेतुकथन’ म्हणायची.

माझा पहिला पाठ कापसावर होता. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. लुगडं तीनदा सोडून नेसले. वर्गात उभी राहिले आणि विचारलं, “आपण अंगात काय घालतो?” कपडे. “कपडे कशाचे?” सुताचे. “सूत कशाचं?” कापसाचं. “आणि कापूस कुठून येतो?”

वर्ग चिडीचूप. चौतीस मुली माझ्याकडे अशा बघत होत्या की कापूस हा शब्दच त्यांनी पहिल्यांदा ऐकला. हंगामाचे दिवस होते. शाळेसमोरच्या रस्त्याने कापसाच्या गाड्यांमागून गाड्या जिनिंगच्या गिरण्यांकडे चालल्या होत्या, सरकीचा वास नाकात बसला होता, कित्येकींच्या केसांना कापसाचे पुंजके चिकटलेले होते. त्यातली निम्मी घरं कापूस वेचून खाणारी. आणि एकीलाही ठाऊक नव्हतं कापूस कुठून येतो! पण मी इतकी घाबरलेली होते की मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला फक्त दिसलं की अडल्या. आनंदाने मी हेतुकथन केलं, फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, आणि पाऊण तास शिकवलं. मुली प्रत्येक गोष्टीला “अय्या!” म्हणत होत्या. पद्धतीच्या बाईंनी लिहिलं, ‘विद्यार्थिनींचं कुतूहल चांगलं जागृत केलं.’

शाळा सुटल्यावर मी सातवीच्या रिकाम्या वर्गात माझे तक्ते गुंडाळत बसले होते. तट्ट्यापलीकडे सहावीत चार-पाच मुली झाडलोट करत होत्या. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

“आज बरोबर अडलो ना वं?”

“तू उलीसक आधीच अडली. बाईनं खडू कुठी घेतला व्हता?”

“मले वाटलं घेतला.”

“वाटलं म्हने! अडायच्या प्रश्नाले बाई खडू हातात घेतेच. लिहा लागते ना तिले. खडू घेतला का मी वेनी मांग टाकतो, तवा अडाचं. आपल्या मनानं नाही.”

“अन् नाही अडलं तं?”

“तं काय? मांगच्या साली त्या चष्म्यावाल्या बाईले तू फटकन सांगून देल्लं, झाडाले येते म्हनून. ती बाई किती रडली मांग आडाजवळ! इसरली काय?”

मी तक्ता हातात धरून बसून राहिले. म्हणजे माझा पहिला पाठ मी दिलाच नव्हता, त्यांनी मला दिला होता. दरवर्षी नव्या बाया येणार, तेच कापूस आणि तेच पाणी आणि तेच सूर्यमालेचे पाठ देणार, त्यांनी रडू नये म्हणून या पोरींनी आपसात रीत बसवून ठेवली होती. आज हे लिहिताना मला त्यांच्या समजूतदारपणाने भरून येतं. त्या दिवशी मात्र राग आला. आमच्या घरात कुणाला दया पचत नाही, आणि मी तर अठरा वर्षांची होते.

दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले ती कपाळाला आठ्या घालूनच. म्हटलं, “मला सगळं कळलं आहे. माझ्या तासाला जे ठाऊक असेल ते सांगायचं. खोटं अडायचं नाही. माझ्या तासाला वेणी पुढे तर पुढे, मागे तर मागे, हलवायची नाही.”

दुसऱ्या ओळीच्या टोकाला बसणारी एक मुलगी उभी राहिली. माळ्याची मुलगी. कमरेपर्यंत वेणी, पहाटे फुलं गुंफून आल्यामुळे बोटं हिरवी-पिवळी, आणि जवळ गेलं की कोथिंबिरीचा वास. वर्गात ती क्वचितच बोलायची. तट्ट्यापलीकडचा आवाज तिचाच होता. मी मनातल्या मनात तिला वेणीवाली म्हणू लागले, आणि आजही मनात तिचं तेच नाव आहे.

“मंग तुमचा पाठ होनार नाही जी,” ती म्हणाली.

उद्धटपणा नव्हता त्यात. आज पाऊस येणार नाही, असं कुणी सांगावं तसं तिने सांगितलं.

आणि नाहीच झाला. पुढचा पाठ पाण्यावर होता. मुलींनी मी विचारलेलं सांगितलं, न विचारलेलंही सांगितलं, आड किती हात खोल आहे तेही सांगितलं, आणि सहा मिनिटांत माझ्या टाचणवहीतलं सगळं संपलं. उरलेल्या वेळात मी काय केलं ते आठवत नाही. पद्धतीच्या बाईंची पेन्सिल मात्र आठवते. त्यानंतरचे दोन पाठही तसेच गेले. मैत्रिणी म्हणायच्या, “अगं, अडू दे ना त्यांना! तुझं काय जातं?” मी हट्टाला पेटले होते. पण खरं सांगायचं तर वर्गात मजा यायला लागली होती. पोरी भांडायच्या, एकमेकींना खोडून काढायच्या, “तसं नाही वं, थांब मी सांगतो” म्हणत उठून उभ्या राहायच्या. वेणीवाली तर बोलायला लागली की थांबायची नाही. तिला गोष्टी मुळापासून ठाऊक असायच्या. मला आयुष्यात जे तास आठवतात ते हेच, आणि कागदावर त्यांना गुण सगळ्यात कमी आहेत.

फाल्गुनात शेवटचा पाठ आला. तो बघायला शाळाखात्याचे डिप्टीसाहेब यायचे, आणि त्यांच्या शेऱ्यावर सर्टिफिकेट ठरायचं. मला विषय मिळाला संत्रं. संत्र्याचं झाड मी आयुष्यात जवळून पाहिलेलं नव्हतं. आमच्या अकोल्याचं पाणी खारट, तिथे संत्रं फक्त आजारी माणसाच्या उशाशी दिसतं. म्हणून मी वेणीवालीला विचारून एका संध्याकाळी तिच्या बागेत गेले. गावच्या परकोटाबाहेर, नाल्याच्या काठी. वांगी, मेथी, शेवंतीचे वाफे, आणि पलीकडे पंचवीस-तीस संत्र्याची झाडं.

तिचे वडील कमरेत वाकलेले, बोलायला मोकळे. त्यांनी मला रोपांच्या वाफ्याशी नेलं. संत्र्याची बी लावत नाहीत, जंबेरी नावाच्या आंबट लिंबाचं रोप वाढवतात आणि त्यावर संत्र्याच्या फांदीचा डोळा, म्हणजे कोंब, बांधतात, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. वडील सांगत होते आणि पोरगी करून दाखवत होती. चाकूची एक चीर, डोळा आत, केळीच्या सोपटाचे चार वेढे, गाठ. माझ्या डोळ्याची पापणी लवेपर्यंत झालं.

“माह्यापेक्षा तिचा हात चांगला हाये बाई,” वडील म्हणाले. “मनूनच म्हनतो, बाग सोडून शाळेत काय ठेवलं? पन थे आयकत नाही. मी म्हनलं, बरं. डिप्टीसाहेबानं सातवीच्या वजिफ्यात नाव लिवलं, सरकारनं पैसे देल्ले, तं शीक. नाही लिवलं तं बास झालं. मंग बाग पाह्य, अन् वैशाखात पाव्हने येऊन राहिले.”

ती खाली मान घालून गाठ आवळत होती. मला माझे धामणगावचे पाहुणे आठवले. वाटलं, आम्ही दोघी एकाच माणसाच्या पेन्सिलीची वाट बघतो आहोत.

हॉस्टेलवर परतले तर वडिलांचं पत्र आलेलं. चार ओळींचं. धामणगावकर उत्तर मागत आहेत, पाठाचा निकाल तारेने कळवावा. त्या पत्राने माझं धाबं दणाणलं. हट्ट, खरं-खोटं, सगळं त्या चार ओळींपुढे गळून गेलं. मला दिसायला लागलं की डिप्टीसाहेबांपुढे माझा पाठ सहा मिनिटांत संपला आहे, आणि मी दोन मजली घराच्या माडीवर बसून मिशांना विडे करून देते आहे.

पाठाच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, पाण्याच्या रांजणाजवळ मी वेणीवालीला गाठलं.

“उद्या,” मी म्हटलं, “उद्या अडाल का?”

तिने पेला खाली ठेवला. “तुमीच नाही म्हनलं व्हतं जी.”

“हो. उद्याच्या दिवस. एकदाच.”

ती हसली नाही. तिने मला काही विचारलं असतं, ‘काहून’ एवढं जरी म्हटलं असतं, तरी मी माघार घेतली असती असं मला पुढे कित्येक वर्षं वाटत होतं. ती म्हणाली, “बरं जी.” आणि दुसऱ्या मुलीसाठी पेला बुचकळून भरला.

डिप्टीसाहेब काळा कोट, धोतर आणि दोऱ्याने कानाला बांधलेला चष्मा अशा थाटात आले. त्यांना त्या दिवशी दोन कामं होती. आमचे पाठ बघणं, आणि सहावीतल्या ज्या मुलींची नावं मिडल स्कूलच्या हेडमिस्ट्रेस बाईंनी वजिफ्यासाठी काढली होती त्यांना पारखणं. नावं तीन होती. त्यात वेणीवालीचं पहिलं.

मी सुरू केलं. आजाऱ्याला कोणतं फळ देतात? चवीला कसं? कुठे पिकतं? उत्तरं टपाटप आली. मग मी खडू हातात घेतला. “संत्र्याचं झाड कशापासून तयार होतं?” समोर एक लांब वेणी खांद्यावरून मागे गेली. वर्ग असा अडला की त्याहून चांगलं कुणी अडू शकणार नाही. पुढचा सगळा पाठ लोण्यातून सुरी जावी तसा गेला. घंटा झाली तेव्हा मी शेवटचं वाक्य बोलत होते. डिप्टीसाहेबांनी मान डोलावली, शाईने माझ्या कागदावर ‘उत्तीर्ण’ लिहिलं आणि सही केली. मागच्या बाकावर मैत्रिणी एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

मग त्यांनी यादी काढली आणि पहिलं नाव वाचलं. ती उभी राहिली.

“वडील काय करतात?”

“बाग हाये जी. भाजी, फुलं, संत्रा.”

“संत्र्याची बाग आहे?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग संत्र्याचं झाड कशापासून होतं, ते तुला आज पाठात कळलं?”

“हो जी.”

“त्याच्याआधी ठाऊक नव्हतं?”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. “नाही जी.”

“घरची बाग, आणि ठाऊक नव्हतं?”

“नाही जी.”

डिप्टीसाहेबांनी पेन्सिल उचलली आणि तिच्या नावावर रेघ मारली. हेडमिस्ट्रेस बाई काही बोलायला गेल्या, तर ते हळू आवाजात म्हणाले, “घरात आहे त्याच्याकडे जिचं लक्ष नाही, ती सातवीत जाऊन काय करणार?” मग त्यांनी उरलेल्या दोघींना विचारलं, त्या दोघी निवडल्या गेल्या, आणि ते उठले.

मी काय केलं? मी फळा पुसला. अक्षर न अक्षर पुसलं, कोपरेसुद्धा. ते दाराशी गेले, शिपायाने छत्री पुढे केली, आणि मी अजून फळाच पुसत होते. ही लाज मी कुणाजवळ बोललेली नाही. मग मी वळले. वेणीवाली आपल्या जागेवर बसली होती. वेणी पुढे घेतलेली, तिचं टोक मुठीत. रडत नव्हती. माझी नजर तिच्याकडे गेली तशी तिने मान जराशी पुढे करून, आवाज न करता, ओठांनीच मला विचारलं, “झाला ना जी?”

माझा पाठ चांगला झाला ना, हे ती विचारत होती.

मी धावले. अंगणात निंबाखाली डिप्टीसाहेबांना गाठलं. “साहेब, ती खोटं बोलली. मी बोलायला लावलं. तिला सगळं ठाऊक आहे, सगळ्या वर्गाला ठाऊक आहे.”

ते थांबले. “मग आत्ता झाला तो पाठ?”

“नाटक झालं, साहेब.”

त्यांनी छत्री मिटली आणि परत वर्गात येऊन खुर्चीवर बसले. “बेटी, पुन्हा सांग. संत्र्याचं झाड कशापासून होतं, हे तुला आधी ठाऊक होतं?”

आणि ती म्हणाली, “नाही जी.”

तिने मला शब्द दिला होता. त्यातून ती मोकळी झाली आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला तिच्यासमोर जाऊन उभं राहावं लागलं. म्हटलं, “मी साहेबांना सांगितलं आहे. आता बोल. सगळं बोल.” तिने माझ्याकडे पाहून खात्री करून घेतली आणि मग ती बोलली.

“जंबेरीचं रोप बोटावानी जाड झालं का त्याच्या सालीले चीर द्याची. चांगल्या संत्र्याच्या डांगीवरचा डोळा काढाचा, सालीसकट. चिरेत बसवाचा, केळीच्या सोपटानं बांधाचा. डोळा मात्र उघडा ठेवाचा जी, नाही तं गुदमरते.”

“लागला हे कसं कळतं?”

“हिरवा राह्यला तं लागला. काळा पडला तं मेला.”

“लागला की झालं?”

“कायचं झालं जी!” तिला आता भान राहिलं नव्हतं. “मंगच खरं काम हाये. जंबेरीचे फुटवे रोज खुडा लागते. एक दिस इसरलं तं जंबेरीच मोठी होते, अन् संत्रा जाते मरून. मंग बसा आंबट खात!”

वर्ग हसला. डिप्टीसाहेबही हसले असावेत, चष्म्यामुळे नीट दिसलं नाही. “तू स्वतः बांधलेस डोळे?”

“चाळीस बांधले यंदा. चार मेले.”

त्यांनी रबर मागितलं. हेडमिस्ट्रेस बाईंकडे नव्हतं. पुढच्या ओळीतल्या एका मुलीने आपलं दिलं. त्यांनी यादीतल्या नावावरची रेघ पुसली, भुकटी फुंकली, रबर परत केलं. मग माझा कागद मागितला. तो शाईने लिहिलेला होता, पुसता येत नव्हता. त्यांनी ‘उत्तीर्ण’ खोडलं आणि खाली लिहिलं, ‘पुन्हा पाठ.’ “सहा महिन्यांनी, बाई,” ते म्हणाले. रागावून म्हणाले नाहीत, एवढं आठवतं.

त्या रात्री मी वडिलांना सगळं लिहिलं, काही न लपवता. मला वाटलं, आता ते स्वतः न्यायला येणार. आठ दिवसांनी उत्तर आलं. लिहिलं होतं: ‘साक्षीदार फितवलास हा गुन्हा. स्वतःहून कबूल केलास ही सूट. प्रकरण सहा महिने तहकूब. आंबे पाठवतो आहे, हॉस्टेलात वाटून खाणे.’ धामणगावकर मात्र इतके दिवस थांबले नाहीत. त्यांना वाचायची खोड नसलेली मुलगी मिळाली.

आश्विनात माझा पुन्हा पाठ झाला. तेच डिप्टीसाहेब, तोच वर्ग, पण मुली नव्या. मागच्या वर्षीच्या पाचवीतल्या आता सहावीत आल्या होत्या. मी विषय मुद्दाम संत्र्याचाच मागून घेतला. सोबत जंबेरीची रोपं आणि चाकू आणला होता, कारण उन्हाळाभर मी बागेत जाऊन डोळा बांधायला शिकले होते. माझे निम्मे मेले. खडू मी टेबलाच्या पार टोकाला ठेवला होता, हाताला लागू नये म्हणून. हेतुकथनाचं काय करायचं ते ठरवलेलं नव्हतं.

आजाऱ्याला कोणतं फळ? कुठे पिकतं? “आणि संत्र्याचं झाड कशापासून होतं?”

वर्ग अडला.

मी खडूला हात लावला नव्हता, तरीही. बाकांबरोबर रीतही त्यांच्याकडे आली होती. तीस चेहरे माझ्याकडे मायेने बघत होते, की बोला आता बाई, करा तुमचं हेतुकथन. डिप्टीसाहेबांची पेन्सिल थांबली. मी ते केलं नाही. तट्ट्यापलीकडे सातवीत गणिताचा तास होता, तिथे पाटीवर पेन्सिली कुरकुरत होत्या. त्याही थांबल्या.

आणि तट्ट्यातून आवाज आला, चांगला खणखणीत:

“अवं सांगा ना! काहून अडल्या? त्या बाईले अडलेलं चालत नाही!”

पलीकडे टेबलावर फूटपट्टी आपटली. इकडे सगळा वर्ग खो खो हसत सुटला. पहिल्या ओळीतली सगळ्यात लहान मुलगी उठून म्हणाली, “डोळा बांधते जी, जंबेरीवर.” दुसरी म्हणाली, “तसं नाही वं, आंधी चीर देतेत.” आणि मग कुणी कुणाचं ऐकेना. प्रस्तावना गेली, हेतू गेला, टाचणवही मी मिटून ठेवली. रोपं आणि चाकू मधे ठेवले आणि पाऊण तास सगळ्याजणी मिळून डोळे बांधत बसलो. डिप्टीसाहेब खुर्ची ओढून जवळ आले होते.

घंटा झाली, ते कागदावर लिहायला लागले. त्यांनी काय लिहिलं ते बघायला मी गेले नाही. मी तट्ट्याजवळ गेले. एका भोकापाशी काळा डोळा चिकटलेला होता.

“झाला ना जी?” तट्ट्यामागून विचारलं गेलं.

“झाला,” मी म्हटलं.